मात्रा मोजणारी माणसे

आपल्या मराठीत 'मात्रा' या एका शब्दाने किती कामे अंगावर घेतली आहेत! अक्षराच्या डोक्यावर तिरपी रेघ ओढली की ती मात्रा. वृत्तात मात्रा, तबल्यात मात्रा. वैद्यबुवा मधात उगाळून चाटवीत ती हेमगर्भाची मात्राही मात्राच. आणि एखाद्या हट्टी माणसापुढे कोणाचेच काही चालेनासे झाले, म्हणजे 'याच्यापुढे मात्रा चालत नाही' असे म्हणून आपण हात टेकतो. या सर्वांत धागा एकच, मापाचा. थोडी कमी पडली तर गुण नाही, थोडी जास्त झाली तर घात.

आज ज्यांची हकीकत सांगावयाची आहे ती माणसे आयुष्यभर मात्राच मोजतात. पण त्यांची मात्रा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि अंगावर पडली तरी त्या क्षणी जाणवत नाही.

आमच्या घोलवड, बोर्डी, डहाणू, तलासरीच्या पट्ट्यात 'त्यांना टाटाला नेले' एवढे म्हटले की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारीत नाही. चिकूच्या वाडीचा मालक असो की त्याच वाडीत फळे उतरवणारा वारली गडी असो, दुखणे त्या जातीचे निघाले की पहाटेची गाडी पकडायची, दादरला उतरायचे आणि परळचा रस्ता धरायचा. परत आलेला माणूस सांगतो, "पंचवीस लाईट घेतले." लाईट म्हणजे किरणोपचार. त्याला डॉक्टरांचे नाव आठवते, प्रेमाने बोलणारी सिस्टर आठवते, यंत्राखाली नीट निजवणारा तंत्रज्ञ आठवतो. पण ते लाईट अंगावर किती सेकंद ठेवायचे, कोणत्या कोनातून सोडायचे आणि शेजारचा चांगला अवयव त्यातून कसा वाचवायचा, याचे गणित ज्याने मांडले तो मनुष्य त्याने बहुधा पाहिलेलाही नसतो. इस्पितळात त्याला फिजिसिस्ट म्हणतात. मराठीत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणावे लागेल. शब्द जड आहे खरा. पण काम त्याहून जड आहे.

या धंद्याचा उगम दोन तारखांत आहे, आणि त्या दोन्ही आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतात. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन यांना जर्मनीत क्ष-किरण दिसले. दुसरी तारीख त्याआधीची, ७ नोव्हेंबर १८६७. त्या दिवशी मारी क्युरी जन्मल्या. १८९८ साली त्यांनी व त्यांच्या यजमानांनी रेडिअम शोधून काढले, आणि थोड्याच वर्षांत जगातले डॉक्टर हे नवे औषध गाठींवर वापरू लागले. वापरू लागले, पण मोजणार कोण? पुष्कळ ठिकाणी चामडी लाल होईपर्यंत किरण द्यायचे, हेच माप होते. भाजीत मीठ चाखून घालावे तसे! कित्येक डॉक्टरांनी स्वतःचे हात या चाखण्यात गमावले. तेव्हा इस्पितळात डॉक्टरच्या जोडीला भौतिकशास्त्र शिकलेला मनुष्य हवा, ही गोष्ट हळूहळू पटत गेली.

आपल्याकडे ही गोष्ट एका पारशी कुटुंबाच्या दुःखातून आली. आमच्या बाजूला पारशी-इराणी वाड्यांची वस्ती जुनी, संजाण आणि उदवाडा तर हाकेच्या अंतरावर. म्हणून ती सांगताना थोडे घरचे सांगितल्यासारखे वाटते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशातील रुग्णालयात वारल्या. जे उपचार आपल्या पत्नीला विलायतेत मिळाले ते येथील माणसाला येथेच मिळावेत, असे दोराबजींच्या मनाने घेतले. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. मेहेरबाईंच्या गळ्यातला 'ज्युबिली' नावाचा हिरा २४५ कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली टाटांच्या पोलाद कारखान्यावर बाका प्रसंग आला तेव्हा तो गहाण पडला होता, पुढे सुटला. दोघांच्या पश्चात तो विकला गेला आणि त्याचा पैसा दोराबजींच्या विश्वस्तनिधीत आला. त्याच निधीतून परळला इस्पितळ उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दार उघडले. बायकांच्या दागिन्यांची किंमत काय होते, असे कोणी विचारले तर हे उत्तर हाताशी असावे.

या इस्पितळात डॉ. रामय्या नायडू नावाचे गृहस्थ आले. ते वैद्य नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. पॅरिसला मादाम क्युरींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले. भारतातले पहिले वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी टाटा इस्पितळात रेडॉन काढण्याचे यंत्र उभारले. ते काय हे सांगायला हवे, कारण त्यात या धंद्याचे सारे मर्म आहे. रेडिअम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. पण ते झिजता झिजता त्यातून रेडॉन नावाचा वायू सुटत राहतो, आणि हा वायू मात्र पावणेचार दिवसांत निम्मा होतो. मौल्यवान रेडिअम द्रावणाच्या रूपात तिजोरीत सुरक्षित ठेवायचे, रोज त्यावरचा वायू दुधावरच्या सायीसारखा काढून घ्यायचा, तो सुईएवढ्या नळ्यांत कोंडायचा आणि त्या नळ्या डॉक्टरांनी गाठीत बसवायच्या. सोमवारी भरलेली नळी शुक्रवारी निम्म्या बळाची! म्हणजे प्रत्येक नळीचे वय, प्रत्येक रोग्याचे दिवस आणि तास यांचा ताळा रोज नव्याने घालायचा. डॉक्टराने तो घालीत बसावे तर शस्त्रक्रिया केव्हा करावी? नायडूंचे काम या फटीत होते. तेथून पुढे इस्पितळात फिजिसिस्टची खुर्ची आली ती कायमची.

मेहेरबाई माहेरच्या भाभा. होमी भाभांची ती सख्खी आत्या. आत्याच्या नावाने उघडलेले इस्पितळ १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याच्या ओटीत आले; त्या खात्याचे प्रमुख होते भाचा होमी. कादंबरीत असा योगायोग घातला तर संपादक लाल शाईने रेघ ओढतील, पण इतिहासाला संपादक नसतो. अणूचे खाते कर्करोगाचे इस्पितळ का चालवते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. उत्तर सोपे आहे. किरण दोन्हीकडे तेच. एकीकडे त्यांना अडवायचे, दुसरीकडे नेमके वळवायचे. आमच्या जिल्ह्यात १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. तेथल्या कामगाराच्या छातीवर जो चपटा बिल्ला असतो, अंगावर किरणांची मात्रा किती पडली हे नोंदवणारा, तोच बिल्ला परळच्या फिजिसिस्टच्या छातीवरही असतो.

त्याच १९६२ साली तुर्भ्याच्या अणुकेंद्रात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलामुलींनी येथे येऊन किरणांचे माप शिकायचे आणि देशभरच्या इस्पितळांत जायचे. या एका वर्गातून निघालेली माणसे चहूकडे पसरली. पण पसरली म्हणजे एकटी पडली. मोठ्या शहरातल्या इस्पितळात दोन-तीन फिजिसिस्ट असतील. जिल्ह्याच्या गावी एकच. डॉक्टरांना वाटे, हा तंत्रज्ञांपैकी. तंत्रज्ञांना वाटे, हा डॉक्टरांपैकी. आणि कचेरीतल्या कारकुनाला पगारपत्रकात याला कोणत्या रकान्यात बसवावे ते कळेना. आपल्या गावातला एकुलता एक चित्रकला शिक्षक आठवा, म्हणजे परिस्थिती ध्यानात येईल.

या एकट्यांनी १९७६ साली मुंबईत आपली संघटना बांधली : भारतीय वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एएमपीआय' म्हणतात. संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झेंडा, मोर्चा आणि मागण्यांचे पत्रक येते. या मंडळींनी काढले ते एक बुलेटिन! त्यात कोणी कोणत्या यंत्राचे माप कसे घेतले, उत्तर किती आले, चूक कितीची निघाली, हे छापायचे. त्याच बुलेटिनचे पुढे वैद्यकीय भौतिकशास्त्राचे नियतकालिक झाले. दरवर्षी अधिवेशन भरते. रामय्या नायडूंच्या नावाने स्मृतिव्याख्यान असते आणि ते ज्येष्ठ माणसाला सन्मानाने देतात.

मापाचे बुलेटिन काढण्यासाठी संघटना कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला मी कोस्टारिकाची गोष्ट सांगेन. मध्य अमेरिकेतला हा लहानसा देश. १९९६ च्या ऑगस्टात तेथील सान होसे शहरातल्या एका इस्पितळात किरणयंत्रातला जुना कोबाल्ट काढून नवा घातला. नवा कोबाल्ट घातला की त्याचे बळ मोजायचे असते. त्या आकड्यावरून पुढच्या प्रत्येक रोग्याचा वेळ ठरतो. घड्याळावर ०.३ मिनिट असे होते. मोजणाऱ्याने ते ३० सेकंद धरले. आमच्या सातवीच्या वर्गातल्या कोणत्याही पोराला विचारा, ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद नव्हेत, १८ सेकंद. कोबाल्टने अठरा सेकंदांत जे काम केले ते तीस सेकंदांत केले असे समजल्यामुळे तो होता त्यापेक्षा दुबळा ठरला, आणि दुबळा म्हणून प्रत्येकाला जास्त वेळ लावला. किती जास्त? तीस भागिले अठरा करून पाहा. एकाच्या जागी एक पूर्णांक दोन तृतीयांश. महिनाभर हे चालले. ११५ माणसांना अधिक मात्रा गेली, आणि त्यांतली काही त्यानेच दगावली. लोकांची कातडी आणि आतडी बोलू लागली तेव्हा चूक उमगली.

दशांश चिन्हाच्या चुकीला आम्ही शिक्षक अर्धा गुण कापतो. ही हकीकत कळल्यापासून त्या अर्ध्या गुणाबद्दल मी कोणाशी तडजोड करीत नाही.

पण शिक्षक म्हणून मला दिसते ती गोष्ट वेगळी. चूक करणारा मूर्ख होता असे म्हणून सुटका नाही. चूक कोणाकडूनही होते. तेथे नव्हता तो ताळा पाहणारा दुसरा माणूस. आणि ज्या गावात फिजिसिस्ट एकच, तेथे दुसरा माणूस आणायचा कोठून? तो बाहेरून आणावा लागतो. संघटना म्हणजे हा बाहेरचा दुसरा माणूस. तिचा फलक, तिचे अध्यक्ष, तिचे अधिवेशन हे सारे त्याच्यामागून येते.

हा ताळा कसा पाहतात, तेही सांगते. इस्पितळात सकाळी रोगी येण्यापूर्वी फिजिसिस्ट यंत्राखाली पाण्याची चौकोनी पेटी मांडतो. माणसाचे शरीर बहुतेक पाणीच, म्हणून रोग्याच्या जागी पाणी. त्यात ठरावीक खोलीवर बोटाच्या पेराएवढी पोकळ नळी ठेवतो. तिच्यातल्या हवेत किरणांमुळे वीज उपजते, ती मोजायची. पण हवा ही हवा आहे! उन्हाळ्यात विरळ, थंडीत दाट. आमच्या समुद्रकाठी हवेचा दाब जेवढा, त्यापेक्षा महाबळेश्वरला सुमारे पंधरा टक्के कमी. तीच नळी तेथे नेली तर तेवढे कमी दाखवील. म्हणून तपमान पाहायचे, दाब पाहायचे, आणि आकड्याला दुरुस्ती लावायची. शिवाय कोबाल्ट दर महिन्याला एक टक्क्याहून थोडा जास्त झिजतो. सव्वापाच वर्षांत निम्मा. पहिल्या वर्षी ज्या रोग्याला दोन मिनिटे लागली असती, त्याच दुखण्याला सव्वापाच वर्षांनी चार मिनिटे. आता पुष्कळ ठिकाणी कोबाल्ट जाऊन विजेवर किरण निर्माण करणारी यंत्रे आली. ती झिजत नाहीत, पण त्यांचा स्वभाव चंचल, रोज विचारपूस करावी लागते. नळीलाही आपले माप मधूनमधून मुंबईच्या अणुकेंद्रातल्या प्रमाण मापाशी जुळवून आणावे लागते, जसा वाणी आपली वजने तपासून त्यांवर शिक्का मारून आणतो.

सरकारनेही आपल्या बाजूने कडी घातली. १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ झाले, आणि फिजिसिस्टवाचून किरणोपचाराचे यंत्र चालवता येणार नाही असा नियम आला. खात्याने आपले कोबाल्ट यंत्रही बांधले. भाभांच्या नावावरून त्याला 'भाभाट्रॉन' म्हटले आणि २००५ साली पहिले यंत्र खारघरच्या केंद्रात बसवले. आत्याच्या दुखण्यापासून निघालेली वाट अशी भाच्याच्या नावापर्यंत आली.

बाहेरच्या जगात हे संघटनेचे वारे आधीच सुटले होते. इंग्लंडातल्या इस्पितळी भौतिकशास्त्रज्ञांनी ऐन महायुद्धात, १९४३ साली, आपली सभा स्थापली. अमेरिकेत १९५८ साली झाली. १९६३ साली ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि स्वीडन या चारांनी मिळून जागतिक संघटना काढली. तिचे अध्यक्षपद २०१८ साली मदन रेहानी या भारतीयाकडे गेले. ते पूर्वी दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत होते. २०१३ पासून मादाम क्युरींचा जन्मदिवस हा या धंद्याचा जागतिक दिवस म्हणून पाळतात.

पण जागतिक म्हटले तरी आशियाची अडचण आशियालाच ठाऊक. जपानमध्ये यंत्रे दाटीवाटीने, शेजारच्या एखाद्या देशात मोजून चार. एकीकडे शिक्षण पक्के, दुसरीकडे शिकवणाराच नाही. म्हणून २००० साली आशिया आणि ओशनिया खंडांतल्या राष्ट्रीय संघटनांचा महासंघ निघाला. त्याला 'आफोम्प' म्हणतात. नाव कानाला जरा विचित्र लागते, पण काम सरळ आहे. ऑस्ट्रेलियाचे बॅरी ॲलन पहिले अध्यक्ष. पुढे जपान, हाँगकाँग, न्यूझीलंड, कोरिया अशी ही खुर्ची फिरत राहिली. खुर्ची म्हणायची एवढेच. तिला पगार नाही, शिपाई नाही, लाल दिव्याची गाडी नाही. आमच्या साहित्याच्या जगात अध्यक्षपदावरून जी धुमश्चक्री होते ती पाहिलेल्या माणसाला हे अध्यक्ष काय मिळवण्यासाठी निवडून येतात, हेच कळू नये.

ते काय करतात, हे त्यांच्या पहिल्याच धोरणपत्रकावरून दिसते. विषय होता, इस्पितळातल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाची भूमिका, जबाबदारी आणि दर्जा. हसू येईल, पण ज्याचा दर्जा कागदावर नाही त्याची जागाच मंजूर होत नाही, आणि जागा नाही तेथे ताळा पाहणारा नाही. जगातल्या सर्व धंद्यांची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्या २००८ च्या आवृत्तीत या लोकांना भौतिकशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ यांच्या गटात बसवले आहे, आणि खाली टीप जोडली आहे की ही माणसे आरोग्यसेवेचाच भाग समजावी. तारे मोजणाऱ्यांच्या पंक्तीत पान मांडले आणि तळटिपेत सांगितले, हे खरे इस्पितळातले! ती टीप सरकारांना दाखवूनच पुष्कळ ठिकाणी जागेची मागणी होते.

या महासंघाच्या अध्यक्षपदी २०२१ साली एक नाव होते, डॉ. अरुण चौगुले. आडनाव वाचून कोल्हापूर-बेळगावकडचा वाचक चमकेल. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र राजस्थान. जयपूरच्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात किरण-भौतिकी विभागाचे ते प्रमुख होते. २०१७ साली महासंघाचे अधिवेशन त्यांनी जयपूरला भरवले. २०२० साली महासाथीने सर्वांना घरी बसवले, विमाने थांबली, अधिवेशने बंद पडली. पण दुखणे थांबत नाही आणि कोबाल्टही झिजायचा थांबत नाही. त्या काळात महासंघाने घरबसल्या ऐकावयाची मासिक व्याख्याने चालू केली. ज्याला आयुष्यात परदेशी परिषदेला जाणे जमले नसते, तो आता आपल्या इस्पितळातल्या टेबलापाशी बसून जपानी प्राध्यापकाला शंका विचारू लागला. माझ्या मते महासंघाच्या साऱ्या ठरावांपेक्षा ही गोष्ट मोठी. चौगुल्यांच्या नंतर अध्यक्षपद ऑस्ट्रेलियाच्या प्राध्यापिका इव्हा बेझाक यांच्याकडे गेले. क्युरीबाईंच्या या धंद्यात बाईला ती खुर्ची मिळायला एवढी वर्षे का लागावीत, हे मात्र कोणी तरी विचारायला हवे. आमच्या परळच्या टाटातही या विभागाची धुरा डॉ. दीपक देशपांडे यांच्याकडे होती. नायडूंची जागा कोणी चालवली असे विचारले तर मराठी नावे अशी सापडतात. शोधायला मात्र फार खोल जावे लागते, कारण ही माणसे वर्तमानपत्रात येत नाहीत. ती येतात तेव्हा काही तरी बिघडलेले असते.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक संघटनेची परिषद मुंबईत, अणुशक्तीनगरला भरली. आपली १९७६ ची संघटना यजमान होती, आणि आशिया-ओशनियाचे अधिवेशनही त्याच मांडवात होते. तुर्भ्याचा पदविकेचा वर्ग तेथून फार दूर नाही.

परिषदा भरतात आणि उठतात; ताळ्याचे काम मात्र टपालाने चालते. अणुकेंद्रातून इस्पितळाला एक लहान पुडके जाते. त्यात विशिष्ट पूड भरलेल्या इवल्याशा कुप्या. फिजिसिस्टने त्या पाण्यात बुडवून, रोग्याला देतो तशीच, ठरावीक मात्रा त्यांना द्यायची आणि पुडके परत धाडायचे. ती पूड नंतर तापवली की पोटात साठलेले किरण उजेडाच्या रूपाने बाहेर टाकते. तो उजेड मोजून मुंबईला कळते, दिली म्हणाला तेवढी दिली की नाही. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तर येते, ठीक आहे. जास्त असेल तर पुन्हा कुप्या येतात, आणि मग माणूस येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची अशी टपालपद्धत १९६९ पासून चालू आहे. यंत्राखाली निजलेल्या आमच्या घोलवडच्या माणसाला या पुडक्याची वार्ता नसते. तो घड्याळाकडे पाहत मनात आकडे मोजतो, आणि दार उघडून तंत्रज्ञ आत आला की विचारतो, "आता किती राहिले?"